चांदबीबी : दोन घराण्यांची लेक



चांदबीबीचे नाव शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातून आपल्या सर्वांच्या कानावर गेलेले आहे. तोंडावर बुरखा, हातात तलवार आणि कोसळलेल्या तटाच्या खिंडारात उभी असलेली राणी, एवढे एक चित्र आपल्या मनात असते. चित्र खरेच आहे. पण ते तिच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यातल्या एका दिवसाचे आहे. बाकीची वर्षे ती कुणाची तरी मुलगी, कुणाची सून, कुणाची चुलती, कुणाची आत्या म्हणून जगली, आणि या प्रत्येक नात्यात तिच्यावर एखाद्या राज्याचा भार पडला. तिच्याबद्दल लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. तिचे अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) आपल्याच नाशिक धर्मप्रांतात येते, आणि तिच्या शेवटच्या वर्षांचे धागे आपल्या खानदेशात गुंतलेले आहेत.

आधी त्या काळच्या राजघराण्यांतील लग्नांविषयी थोडे सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. त्यासाठी लांब जायला नको. धुळ्याहून मालेगावकडे निघाले की मुंबई-आग्रा रस्त्याला लागूनच लळिंगचा किल्ला दिसतो. आपल्यापैकी अनेकांनी तो एसटीच्या खिडकीतूनच पाहिला असेल. पंधराव्या शतकात खानदेशात फारुकी घराण्याचे राज्य होते. आधी थाळनेर, मग बऱ्हाणपूर अशा त्यांच्या राजधान्या. त्यातल्या नासिरखान फारुकीने १४२९ च्या सुमारास आपली मुलगी बिदरच्या बहामनी घराण्यात शहजादा अलाउद्दीनला दिली. पुढे अलाउद्दीन सुलतान झाला आणि कोकणातल्या संगमेश्वरच्या राजाची मुलगीही त्याच्या घरात आली. तिच्या रूपाची मोठी ख्याती होती. सुलतानाचे मन तिच्यावर बसले. फारुकी घराण्याच्या लेकीने माहेरी तक्रार कळवली. मुलीच्या अपमानाचे निमित्त करून नासिरखानाने १४३७ साली वऱ्हाडावर स्वारी केली. बहामनी सरदाराने त्याला हरवले, बऱ्हाणपूर जाळले आणि पाठलाग करीत लळिंगपर्यंत आणले. तिथेच नासिरखान खचून मेला. एका मुलीचे सासरचे दुःख, आणि त्यापायी दोन प्रांतांत लढाई! अर्थात दुःख खरे असले तरी नासिरखानाला वऱ्हाड हवा होता, हेही तितकेच खरे. मुलीचे अश्रू राजांना अशा वेळी बरोबर आठवतात.

युरोपात काही वेगळे चालत नव्हते. १४७७ साली बर्गंडीच्या मेरीचे लग्न ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनशी झाले आणि त्या एका लग्नाने आजच्या बेल्जियम-हॉलंडचा बराचसा मुलूख हाब्सबर्ग घराण्याकडे गेला. ती राजघराणी कॅथलिक होती, मिस्सा ऐकत होती, आणि तरी मुलींची लग्ने नकाशा समोर ठेवून ठरवीत होती.

चांदबीबीचा जन्म १५५० चा. वडील हुसेन निजामशहा अहमदनगरचे सुलतान, आई खुंजा हुमायून. निजामशाहीचे मूळ घराणे मराठवाड्यातल्या पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचे, असे फरिश्ता हा त्या काळचा इतिहासकार सांगतो. म्हणजे हे लोक परक्या देशातून आलेले नव्हते. चांदबीबीला फारसी, अरबीबरोबर मराठी आणि कानडीही येत होती, ती सतार वाजवीत असे, फुलांची चित्रे काढीत असे, असे परंपरेने सांगितले जाते. तिचे लहानपण मात्र वेढ्यांच्या धामधुमीत गेले. विजापूरचा तरुण सुलतान अली आदिलशहा याने विजयनगरच्या रामरायाशी हातमिळवणी केली होती आणि दोघांच्या फौजा निजामशाहीच्या मुलखात शिरून तो उद्ध्वस्त करीत होत्या. नगरचा किल्ला मातीचा होता, तो हुसेन निजामशहाने दगडात बांधून घेतला, तो याच काळात. आपल्या मुलीला हा तट एक दिवस स्वतः उभे राहून राखावा लागेल, याची त्याला कल्पना असणे शक्य नव्हते.

रामराया फार बलवान होतो आहे, हे चारही शेजाऱ्यांच्या लक्षात आले. एकेकट्याने त्याच्याशी लढणे अशक्य होते, आणि एकत्र यायचे तर कालचे वैर मिटवायला हवे होते. मिटवायचे कसे? लग्नांनी. गोवळकोंड्याच्या इब्राहीम कुतुबशहाला हुसेनने आपली एक मुलगी आधीच दिली होती. आता १५६४ च्या सुमारास साटेलोटे ठरले. चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला, आणि अलीची बहीण हदिया सुलताना चांदबीबीच्या भावाला, म्हणजे मुर्तझाला. चांदबीबीबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून गेला.

सोलापूरच्या या आंदणाची गंमत, खरे तर शोकांतिका, अशी की चाळीस वर्षांपूर्वी हाच किल्ला उलट्या दिशेने जायचा होता. १५२४ साली विजापूरची मरियम नगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा सोलापूर द्यायचे बोलणे झाले होते. लग्न लागले, किल्ला काही मिळाला नाही, आणि मग त्यावरून दोन्ही घराणी वर्षानुवर्षे लढत राहिली. ही मरियम अर्धी मराठी होती. तिची आई मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराच्या घरातली होती आणि विजापूरच्या पहिल्या सुलतानाने तिच्याशी लग्न केले होते. अली आदिलशहा त्याच बाईचा पणतू. हुंड्यापायी सुनांना होणारा त्रास आपण आजही गावोगाव पाहतो. इथे हुंड्यापायी माणसे हजारांनी मेली.

चांदबीबीला कुणी विचारले का? विचारण्याची पद्धतच नव्हती. ती चौदा वर्षांची होती आणि ज्याच्या फौजांनी तिच्या बापाचा मुलूख जाळला होता, त्याच्याशी तिचा संसार सुरू होणार होता. इथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. नोव्हेंबर १५६३ मध्ये, म्हणजे जवळजवळ याच महिन्यांत, तिकडे इटलीत ट्रेंट येथील धर्मपरिषदेने विवाहाविषयीचा आपला प्रसिद्ध निर्णय दिला. वधूवरांची मोकळी संमती, धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्यासमोर विवाह, चर्चमध्ये तीनदा घोषणा, आणि नोंदवहीत नोंद. आज लग्नाआधी तुम्हाला माझ्या ऑफिसात येऊन जी सगळी कागदपत्रे करावी लागतात आणि ज्यांचा काही जणांना कंटाळा येतो, त्याची मुळे तिथे आहेत. राजे-सरदारांनी आपल्या प्रजेवर लग्नाची सक्ती करू नये, अशी ताकीदही त्या निर्णयात आहे. राजघराण्यांतल्या मुलींना तिचा किती उपयोग झाला, हा प्रश्न वेगळा.

लग्ने पार पडली आणि २३ जानेवारी १५६५ रोजी तालिकोटची लढाई झाली. रामराया पकडला गेला आणि हुसेन निजामशहाने त्याचे मस्तक उडवले. विजयनगर लुटले गेले. काही महिन्यांतच हुसेनही वारला. ज्या कामासाठी चांदबीबीचे लग्न झाले होते ते काम वर्षभरात संपले होते. आता पुढे सगळे आयुष्य पडले होते.

तिची आई खुंजा हुमायून हिच्याबद्दल चार ओळी लिहायलाच हव्यात. नवऱ्यामागे तिने मुलाच्या नावाने सुमारे सहा वर्षे राज्य चालवले. ती स्वतः फौजेबरोबर जात असे. पुढे त्याच मुलाने, मुर्तझाने, तिला कैदेत टाकले. हुसेनच्या पराक्रमावर आफताबी नावाच्या कवीने रचलेल्या काव्याची एक सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातल्या चित्रांत सुलतानाच्या शेजारी राणी बसलेली होती. नंतर कुणीतरी बहुतेक चित्रांतून ती पुसून टाकली. तिच्या जागी आता नुसता रंगाचा डाग दिसतो. सत्ता चालवलेल्या बाईचे नाव पुसण्याचा हा प्रकार चांदबीबीने आपल्या आईच्या बाबतीत पाहिला होता, हे लक्षात ठेवावे.

विजापूरला तिचे दिवस तुलनेने बरे गेले असे दिसते. अली आदिलशहा विद्येचा भोक्ता होता. मोठा ग्रंथसंग्रह बाळगून होता. धर्मचर्चेची त्याला आवड होती आणि त्यासाठी गोव्याहून ख्रिस्ती धर्मगुरूंना त्याने दरबारात बोलावले होते. याच राजाने १५७० साली गोव्याला वेढा घातला आणि त्याच वेळी त्याच्या मेहुण्याने, मुर्तझाने, चौलला वेढा दिला. रेवदंडा-कोर्लईकडचा तो मुलूख. लग्नसंबंधाने जोडलेल्या दोन राज्यांनी पोर्तुगीजांना एकाच वेळी धरायचे, असा बेत होता. दोन्ही वेढे फसले. चांदबीबी नवऱ्याबरोबर शिकारीला आणि स्वाऱ्यांवर जात असे असे म्हणतात. पुढच्या काळातल्या दख्खनी चित्रकारांना ती घोड्यावर बसून हातावर ससाणा घेतलेली रंगवायला फार आवडे.

तिला मूलबाळ झाले नाही. अलीने आपल्या भावाचा मुलगा इब्राहीम याला वारस नेमले. १५८० साली महालातच एका सेवकाने अलीचा खून केला. इब्राहीम त्या वेळी नऊ वर्षांचा होता आणि चांदबीबी तीस वर्षांची विधवा.

इथून तिचे खरे आयुष्य सुरू होते असे मला वाटते. मुलाचा सांभाळ आणि शिक्षण तिच्याकडे आले. कारभार कामिलखानाकडे गेला. तो लवकरच शेफारला आणि तिला तुच्छतेने वागवू लागला. तिने किश्वरखानाला हाताशी धरून त्याला दूर केले. मग किश्वरखान शेफारला. त्याने तर तिच्यावर माहेरच्यांशी संगनमत केल्याचा आरोप ठेवला, तिला महालातून बाहेर काढले आणि साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत पाठवले. साताऱ्याचा अजिंक्यतारा आपण शिवशाहीसाठी ओळखतो, त्याच किल्ल्यावर ही राणी बंदिवान होती. विजापूरची रयत या गोष्टीने चिडली. किश्वरखान रस्त्याने निघाला की लोक त्याला शिव्या घालीत. शेवटी इखलासखान हबशी आणि त्याचे साथीदार उठले. किश्वरखान पळाला, गोवळकोंड्यात मारला गेला, आणि चांदबीबी परत विजापूरला आली.

परत आली ती वेढ्यातच. नगर आणि गोवळकोंडा, म्हणजे तिचे दोन्हीकडचे नातेवाईक, दुबळ्या झालेल्या विजापूरवर चालून आले होते. भर पावसात तट कोसळला तेव्हा ती स्वतः गवंड्यांजवळ उभी राहून काम करवून घेत होती, असे सांगतात. पुढे दिलावरखानाने इखलासखानाचे डोळे काढून सत्ता बळकावली. त्याच्या राज्यात चांदबीबीला करण्यासारखे काही उरले नाही. १५८४ साली इब्राहीमची बहीण खदिजा नगरच्या राजपुत्राला, मीरान हुसेनला दिली गेली, तेव्हा नव्या नवरीबरोबर ती माहेरी निघाली. एक लग्न तिला विजापूरला घेऊन गेले होते, दुसऱ्या लग्नाने तिला नगरला परत आणले.

मात्र तिने वाढवलेला इब्राहीम पुढे मोठा संगीतप्रेमी आणि सहिष्णु राजा झाला. प्रजेने त्याला जगद्गुरू म्हटले. नऊ ते तेरा या वयात मुलाला जे मिळते ते आयुष्यभर पुरते, हे शाळेत शिकवणाऱ्या आपल्या सिस्टर्स माझ्याहून चांगले सांगतील.

नगरला पुढच्या दहा वर्षांत जे झाले ते मी थोडक्यात आटोपतो, कारण वाचायलाही ते जड जाते. मीरान हुसेनने १५८८ साली बापाला, म्हणजे चांदबीबीच्या भावाला, हमामखान्यात कोंडून मारले. वर्षभरात तोही मारला गेला. मग इस्माईल आला. त्याला काढून त्याचाच बाप बुऱ्हाण, चांदबीबीचा दुसरा भाऊ, गादीवर बसला आणि १५९५ मध्ये वारला. त्याचा मुलगा इब्राहीम काही महिन्यांतच विजापूरशी झालेल्या लढाईत पडला. सात वर्षांत पाच सुलतान! आता नगरमध्ये चार पक्ष झाले आणि प्रत्येकाजवळ आपापला राजा. चांदबीबीचा पक्ष बहादूरचा होता. तो मेलेल्या इब्राहीमचा तान्हा मुलगा, तिच्या भावाचा नातू. मियान मंजू नावाच्या वजिराने दुसरेच एक पोर गादीवर बसवले होते. आपला डाव फसतो आहे असे दिसताच त्याने मोगलांना मदतीला बोलावले. अकबराचा मुलगा मुराद गुजरातेत तयारच होता. तो निघाल्यावर मंजूला पश्चात्ताप झाला. पण निमंत्रण गेले होते. मंजू विजापूरकडे मदत मागायला निघून गेला आणि किल्ला चांदबीबीवर सोपवला.

मुरादबरोबर अब्दुल रहीम खानखाना होता, आणि आपल्या खानदेशचा राजा अली खान फारुकीही होता. खानदेश तेव्हा लहान राज्य. उत्तरेला अकबर, दक्षिणेला निजामशाही. राजा अली खानाला मोगलांबरोबर जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. डिसेंबर १५९५ मध्ये वेढा पडला. चांदबीबीने तान्ह्या बहादूरच्या नावाने कारभार हाती घेतला. भांडणाऱ्या हबशी आणि दख्खनी सरदारांना तिने निरोप धाडले. काही आले, काही वाटेत अडले.

मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. मोगल छावणीतल्याच एका शिराझी माणसाला किल्ल्यातल्या लोकांची दया आली आणि रात्री येऊन त्याने सुरुंगांच्या जागा सांगितल्या. आतून खणून दोन सुरुंग निकामी केले गेले. तिसऱ्यातली दारू काढण्याचे काम चालू असतानाच मुरादने बत्ती द्यायला लावली. खानखानाला त्याने खबर दिली नव्हती. श्रेय वाटून घ्यायचे नव्हते म्हणून. तटाचा मोठा भाग उडाला, काम करणारी माणसे दगडांखाली गेली, आणि किल्ल्यातले कितीतरी सरदार पळायला निघाले. तेव्हा चांदबीबी बुरखा घेऊन, उघडी तलवार हाती धरून खिंडारात आली. पळणारे थांबले. मोगल दुसरे सुरुंग उडण्याची वाट पाहत राहिले, आणि तेवढ्या वेळात खिंडारात तोफा, बाण, दारूचे बुधले येऊन पोहोचले. हल्ल्यामागून हल्ले झाले. खंदक प्रेतांनी भरला. संध्याकाळी मोगल मागे फिरले आणि रात्रभर तिने स्वतः तिथे उभे राहून तट पुन्हा बांधून काढला. दारूगोळा संपल्यावर तोफांत आधी तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी भरून डागली, असे सांगतात. आख्यायिकाच असावी, पण नगरच्या लोकांनी ती चारशे वर्षे जपली आहे. शत्रूच्या छावणीतही तिची वाहवा झाली आणि चांदबीबीची चांद सुलताना झाली.

तह झाला. मोगलांकडे दाणागोटा संपत आला होता, विजापूर-गोवळकोंड्याची फौज जवळ येत होती. किल्ल्यातही फार काही शिल्लक नव्हते. चांदबीबीने वऱ्हाड मोगलांना दिला आणि नगर वाचवले. वऱ्हाड तिच्या भावाने १५७४ साली जिंकलेला. तो देताना तिला आनंद झाला नसणार. १५९६ च्या वसंतात वेढा उठला.

खानदेशचे काय झाले, तेही ऐका. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १५९७ मध्ये, गोदावरीकाठी सोनपेठजवळ मोगल आणि दख्खनच्या फौजांची गाठ पडली. राजा अली खान मोगलांच्या बाजूने लढत होता. रात्री तो दिसेना, तेव्हा तो शत्रूला मिळाला असे समजून मोगलांनी त्याचीच छावणी लुटली. सकाळी रणांगणावर त्याचे प्रेत सापडले. ज्यांच्यासाठी तो मेला त्यांनीच त्याचे घर लुटले होते.

नगरमध्ये चांदबीबीचे हाल संपले नाहीत. तिने नेमलेला पेशवा महंमदखान उलटला. विजापूरच्या इब्राहीमला, आपल्या त्या वाढवलेल्या पुतण्याला, तिने मदत मागितली आणि ती आली. मग नेहंगखान पेशवा झाला, तोही तिच्याशी भांडू लागला आणि बाहेरून किल्ल्याला वेढा घालून बसला. मुराद १५९९ मध्ये दारूपायी मेला. त्याच्या जागी धाकटा दानियाल आला. अकबर स्वतः १६०० साली बऱ्हाणपुरात येऊन राहिला, कारण राजा अली खानाचा मुलगा बहादूरखान फारुकी आता मोगलांना जुमानत नव्हता आणि अशीरगडावर चढून बसला होता. दानियाल नगरवर निघाला. नेहंगखान घाटात थोडा वेळ आडवा आला आणि जुन्नरकडे निघून गेला.

आता तिच्यापुढे जो प्रश्न होता, तो माझ्या मते १५९६ च्या खिंडारापेक्षा अवघड होता. बाहेर प्रचंड फौज. मदतीला येणारे कुणी नाही. आतले सरदार एकमेकांचे वैरी. किल्ला लढवायचा तर सगळे मरतील आणि मुलगाही जाईल. तिने ठरवले की किल्ला द्यावा, त्या बदल्यात बहादूरचा आणि माणसांचा जीव व खजिना वाचवावा, आणि जुन्नरला जावे. हमीदखान नावाच्या खोजा सरदाराशी तिने ही मसलत केली. त्याला ती पटली नाही. तो किल्ल्याच्या रस्त्यांतून ओरडत सुटला की चांदबीबी मोगलांना फितूर झाली. जमाव तिच्या महालात घुसला आणि तिचा खून झाला. चार वर्षांपूर्वी जिने पळणाऱ्यांना थांबवले होते, तिला त्याच किल्ल्यातल्या लोकांनी मारले. १६०० च्या पावसाळ्यातली ही गोष्ट.

ती फितूर होती का? पुष्कळांना तलवार घेतलेली चांदबीबी आवडते आणि तहाचे बोलणे लावणारी चांदबीबी अडचणीची वाटते. सेमिनरीत आम्हाला धैर्य हा सद्गुण शिकवताना अ‍ॅरिस्टॉटल समोर ठेवत. भित्रेपणा एका टोकाला, अविचारी धाडस दुसऱ्या टोकाला, आणि धैर्य मध्ये. संत थॉमस पुढे जाऊन चाल करून जाण्यापेक्षा टिकून राहणे, सोसणे, याला धैर्याचे मुख्य लक्षण मानतो. मला वाटते, दोन्ही वेळा चांदबीबी एकच काम करीत होती. १५९६ साली लढून मूल वाचत होते म्हणून ती लढली. १६०० साली लढून ते वाचणार नव्हते. वऱ्हाड देताना तिला कुणी फितूर म्हटले नाही, कारण हातातली तलवार लोकांना नुकतीच दिसली होती. कुणी याहून वेगळे म्हणेल. हमीदखानालाही आपण किल्ला वाचवतो आहोत असेच वाटले असेल. संशयाने पेटलेल्या जमावाला कोण आवरणार, हे आपण आपल्या काळातही पाहिले आहे.

ऑगस्टमध्ये सुरुंगांनी बुरूज उडाले आणि किल्ला पडला. आतल्या शिबंदीची कत्तल झाली. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत धाडण्यात आले. चांदबीबीने जे टाळण्यासाठी बोलणे लावले होते, ते सगळे महिन्याभरात घडले. अशीरगड जानेवारी १६०१ मध्ये पडला. त्या वेढ्याच्या वेळी अकबराच्या छावणीत येशूसंघाचे दोघे होते. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यातले फादर जेरोम झेवियर आणि ब्रदर बेनेडिक्ट गोएस. पोर्तुगीजांकडून तोफा मागवून द्या, असे अकबराने त्यांना सांगितले तेव्हा फादरांनी नकार दिला आणि काही दिवस बादशहाची मर्जी गमावली. किल्ला साथीच्या रोगाने पडला असे बादशाही इतिहासकार लिहितो. फादरांच्या पत्रांवरून मात्र लाच आणि मोडलेला शब्द पुढे येतो. खानदेशची सल्तनत तिथे संपली आणि दानियालच्या नावाने प्रांताचे नाव काही काळ दानदेश झाले.

निजामशाही मात्र तेव्हा संपली नाही. मलिक अंबरने ती दुसऱ्या एका राजपुत्राच्या नावाने आणखी पाव शतक जिवंत ठेवली. १६३६ मध्ये ती बुडाली.

दर सप्टेंबरात आपल्यापैकी कितीतरी जण हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जातात. तिथून कधी पुढे नगरला गेलात तर किल्ला जरूर पाहा. तो लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा आत जाण्याची चौकशी आधी करावी. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू याच किल्ल्यात कैदेत होते आणि तिथे लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी चांदबीबीची आठवण काढली आहे. शहराबाहेर पाथर्डी रस्त्याला डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते. सगळे तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. ती खरे तर सलाबतखान या निजामशाही मंत्र्याची कबर आहे. नाव मात्र लोकांनी तिचे दिले, आणि आता ते बदलणार नाही.

एक शेवटचे लग्न सांगायचे राहिले. १६०४ साली इब्राहीम आदिलशहाला मोगलांशी तह टिकवण्यासाठी आपली मुलगी द्यावी लागली. तिचे नाव सुलतान बेगम, आणि नवरदेव दानियाल, म्हणजे चांदबीबीचा किल्ला घेणारा तोच शहजादा. पैठणजवळ गोदावरीकाठी लग्न लागले. नवरीच्या पालखीबरोबर विजापूरहून जी मंडळी आली त्यांत इतिहासकार फरिश्ताही होता, आणि आपल्याला चांदबीबीची बरीचशी हकीकत कळते ती त्याच्यामुळेच. वऱ्हाड बऱ्हाणपूरला पोहोचले. दानियाल भावासारखाच दारूत बुडालेला होता. वर्षभराच्या आत तो बऱ्हाणपुरातच मेला.